पूररेषेच्या भरवशावर डोंगरी खोऱ्यांत परवानग्या देऊ नका

प्रति,
डोंगरी नदीखोऱ्यांचे विकास आराखडे करणारे नगररचनाकार, त्यांना मंजुरी देणारे अधिकारी, आणि रस्ते, पूल व जलविद्युत प्रकल्पांचे अभियंते यांस

विषय: पर्वतीय खोऱ्यांत बांधकामाला परवानगी देण्याआधी गाळ, धोंडे आणि सरकतं पात्र हिशेबात धरण्याबाबत

महोदय / महोदया,

डोंगरातल्या खोऱ्यात पक्का रस्ता पोहोचला की त्याच्यामागून हॉटेलं, दुकानं, वाहनतळ, शाळा, वीज उपकेंद्र असं सगळं ओळीनं येतं. त्यासाठी सपाट जागा लागते. तीव्र उताराच्या मुलखात सपाट जागा मुळातच कमी, आणि जी असते ती बहुतेक नदीनं किंवा तिला मिळणाऱ्या नाल्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांची. म्हणजे जिथे पूर येऊन गेलेला आहे, नेमकी तीच जागा बांधकामाला सोयीची दिसते. आपल्या टेबलावर येणाऱ्या प्रस्तावात याचा मागमूस नसतो. त्यात एक नकाशा असतो, नकाशावर पूररेषा असते आणि प्लॉट रेषेच्या बाहेर असतो. कागद पुरे असतात, सही होते.

आमची हरकत त्या रेषेलाच आहे. ती काढताना दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, पुरात वाहतं ते पाणीच. दुसरी, पात्राचा तळ आणि काठ जागचे हलत नाहीत. मैदानी नदीत हे बऱ्यापैकी चालून जातं. डोंगरी नदीत दोन्ही गृहीतकं मोठ्या पुराच्या पहिल्याच तासात मोडतात. पात्र एका रात्रीत दोन-तीन मीटर भरून वर येतं, किंवा काठ खरवडत पन्नास मीटर बाजूला सरकतं. मग पाण्याची पातळी रेषेच्या खाली असूनही इमारत जाते, कारण तिच्या पायाखालची जमीनच गेलेली असते. कॅनडातल्या कॅनमोर गावी जून २०१३ मध्ये कूगर क्रीकच्या काठच्या घरांचं असंच झालं. घरांत पाणी शिरण्यापेक्षा ओढ्यानं काठ कापत नेला हे नुकसान मोठं होतं.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगानंही मंजुरी देणाऱ्यांची दिशाभूल होते. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं उभ्या राहणाऱ्या इमारतीला तो पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के होते, पन्नास वर्षांच्या पुलाला जवळजवळ ४० टक्के. शिवाय हा आकडा ज्या नोंदींवरून काढतात त्या पर्वतीय खोऱ्यांत अनेकदा पंधरा-वीस वर्षांच्याच असतात, आणि पर्जन्यमापक खोऱ्याच्या तळाशी, जिथे माणूस सहज पोहोचतो तिथे बसवलेला असतो. पाऊस मात्र वरच्या कड्यांवर जास्त पडतो.

दर दुर्घटनेनंतर ‘ढगफुटी’ हा खुलासा येतो, त्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस म्हणजे ढगफुटी. अनेक दुर्घटनांत एवढा पाऊस झाल्याची नोंदच नसते. बेताच्या पावसानं नाल्यात साठलेला मलबा सुटतो आणि नुकसान तो करतो. पावसाला सरसकट ढगफुटी म्हटलं की नाल्याच्या तोंडाशी परवानगी कोणी दिली हा प्रश्न मागे पडतो.

आता वेळेचं गणित. मुख्य नाला सहा किलोमीटर लांब आणि सरासरी उतार १५ टक्के असेल, तर सर्वांत दूरच्या टोकाचं पाणी तोंडाशी यायला किर्पिचच्या सूत्रानं साधारण ३३ मिनिटं लागतात. मैदानी नदीचा पूर वरच्या धरणावरून कळवता येतो, दिवसभर आधी लोकांना हलवता येतं. इथे पाऊस कोसळायला लागल्यापासून सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. म्हणूनच डोंगरी खोऱ्यात जागा कुठली निवडली हा बचावाचा मुख्य भाग, आणि इशारा, भिंती, बचावपथकं ही त्यानंतरची.

सर्वांत घातक जागा ओळखायला सोपी असते, तरी तीच सर्वांत आधी विकली जाते. बाजूचा नाला अरुंद घळीतून मुख्य खोऱ्यात उतरतो तिथे उतार एकदम कमी होतो, वेग पडतो आणि सोबतचा दगडगोटा पंख्यासारखा पसरतो. हे पंखाकृती मैदान नदीपासून थोडं उंच असतं, त्यावर ऊन चांगलं येतं, पाणी जवळ असतं, म्हणून नदीच्या पुराला घाबरणारे लोक तिथे सुरक्षित समजून बांधतात. नाला त्या पंख्यावर कायम एकाच जागी वाहत नाही. आजचं पात्र भरलं की तो वरच्या टोकाशी, घळीच्या तोंडापाशी दिशा बदलतो आणि पंख्याच्या दुसऱ्याच अंगानं खाली येतो. त्यामुळे ‘नाला इथून दोनशे मीटर लांब आहे’ या वाक्याला पंख्यावर काही अर्थ नाही. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं धराली गाव खीरगाड या नाल्याच्या अशाच पंख्यावर वसलेलं होतं. ५ ऑगस्ट २०२५ ला दगड-चिखलाच्या लोंढ्यानं बाजारपेठेचा मोठा भाग काही क्षणांत गाडला. व्हेनेझुएलाच्या व्हार्गास किनाऱ्यावर डिसेंबर १९९९ मध्ये हजारो माणसं गेली, तीही बहुतेक डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या पंख्यांवर बांधलेल्या वस्त्यांमधली.

नाला कोणत्या जातीचा आहे हे नकाशावरून पाच मिनिटांत चाचपता येतं. पाणलोटाची उंची, म्हणजे सर्वोच्च बिंदू आणि पंख्याचं टोक यांतला फरक मीटरमध्ये घ्यावा आणि त्याला पाणलोटाच्या क्षेत्रफळाच्या (चौरस मीटर) वर्गमुळानं भागावं. चार चौरस किलोमीटरचा पाणलोट आणि १,५०० मीटर उंची असेल तर १,५०० भागिले २,००० म्हणजे ०.७५. हा मेल्टनचा गुणोत्तरांक. साधारण ०.६ च्या वर दगड-चिखलाचे लोंढे अपेक्षित धरावेत, ०.३ ते ०.६ मध्ये भरपूर गाळ-गोटे घेऊन येणारा पूर, त्याखाली मुख्यतः पाण्याचा पूर. ही चाळणी ढोबळ आहे, पण तीसुद्धा न लावता मंजूर झालेले प्रस्ताव आम्ही पाहतो.

त्यानंतर जागेवर जावंच लागतं, आणि सोबत भूशास्त्रज्ञ हवा. पाहायचं काय? नाल्याच्या दोन्ही बाजूंना धोंड्यांचे नैसर्गिक बांध आहेत का. झाडांच्या बुंध्यांवर नाल्याच्या वरच्या अंगाला जुने व्रण आहेत का आणि ते जमिनीपासून किती उंच आहेत. पंख्यावर पडलेला सर्वांत मोठा धोंडा केवढा आहे, कारण तो कोणीतरी उचलून आणलेला नाही. आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे पायाच्या किंवा विहिरीच्या खड्ड्याची उभी भिंत. ती खुरपीनं साफ करून नीट पाहावी. गोट्यांचे आकारानुसार लागलेले थर असतील, गोटे एकमेकांना टेकलेले आणि एकाच दिशेला कललेले असतील, तर ते वाहत्या पाण्यानं टाकले आहेत. मुठीएवढे दगड आणि मीटरभराचे धोंडे बारीक चिखलात वेडेवाकडे अडकलेले असतील, एकमेकांना न टेकता, तर तो थर एका लोंढ्यात येऊन बसला आहे. असे तीन-चार थर एकावर एक दिसले, मध्ये मातीच्या काळपट पट्ट्या असल्या, तर तिथे हे वारंवार घडतं. काळपट पट्टीत लाकूड किंवा कोळसा सापडला तर कार्बन कालमापनानं वर्षंही काढता येतात. ही पाहणी दोन मीटरच्या चार खड्ड्यांत होते. कोट्यवधींच्या प्रकल्पात तेवढा खर्च अडत नाही, तो मागितला जात नाही.

विसर्गाच्या हिशेबात होणाऱ्या चुका ठरावीक आहेत, म्हणून त्या आकड्यांत मांडतो. वीस चौरस किलोमीटरचा पाणलोट, तासाला ६० मिलिमीटरची तीव्रता, वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक ०.६. परिमेय (रॅशनल) सूत्रानं ०.२७८ × ०.६ × ६० × २० म्हणजे सेकंदाला सुमारे २०० घनमीटर. अहवाल इथे थांबतो. पण वाहणाऱ्या घनफळात ४० टक्के गाळ-गोटे असतील तर एकूण घनफळ २०० भागिले ०.६, म्हणजे ३३३ होतं. ५० टक्के असतील तर ४००. लोंढा वर कुठे अडकून मग एकदम सुटला तर त्याचा पुढचा धक्का याच्याही कित्येक पट असू शकतो, आणि त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ दुप्पट असते. पुलाची खालची मोकळी उंची आणि भिंतीची ताकद २०० वर ठरवलेली असते.

दुसरी चूक खडबडीतपणाची. पात्राचा खडबडीतपणा दाखवणारा मॅनिंगचा गुणांक धोंड्यांच्या पात्राला पाठ्यपुस्तकातून ०.०४ घेतला जातो. जॅरेटनं पर्वतीय ओढ्यांच्या मोजणीवरून दिलेल्या सूत्रात २ टक्के उतार आणि दीड मीटर जलीय त्रिज्या (रुंद पात्रात जवळजवळ पाण्याच्या खोलीइतकी) घातली तर गुणांक ०.०६८ च्या आसपास येतो. तेवढ्याच विसर्गाला रुंद पात्रात पाण्याची खोली एक तृतीयांशाहून जास्त वाढते. संगणकीय प्रतिमानाच्या निकालात डोंगरी नदी मैलभर अतिवेगानं, क्रांतिक वेगाच्या (ज्यापलीकडे लाट प्रवाहाविरुद्ध वर सरकू शकत नाही) वर, वाहताना दिसली तर आकडा तपासायला परत पाठवावा. खऱ्या ओढ्यात तसा वेग फार लांबवर टिकत नाही. आणि वळणावर बाहेरच्या काठाला पाणी चढतं हे धरलेलं आहे का, तेही विचारावं. सेकंदाला पाच मीटर वेग, वीस मीटर रुंद पात्र, साठ मीटर त्रिज्येचं वळण असेल तर दोन काठांच्या पातळीत सुमारे ८५ सेंटिमीटरचा फरक पडतो. काठावरच्या रस्त्याची पातळी बहुधा याहून कमी फरकानं ‘सुरक्षित’ ठरवलेली असते.

मग रेषेच्या जागी काय हवं? आमचं म्हणणं, तीन वेगळे नकाशे एकावर एक ठेवावेत. पहिला पाण्याच्या खोलीचा आणि वेगाचा. दुसरा नदीच्या भटकण्याच्या पट्ट्याचा: १९६० च्या दशकातली, आता खुली झालेली अमेरिकेच्या कोरोना या हेर-उपग्रहांची छायाचित्रं, १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रं आणि जुने भूमापन नकाशे एकाच मापावर आणून प्रत्येक काळचे काठ त्यावर काढायचे, आणि सर्वांत बाहेरच्या काठाच्याही पलीकडे एका मोठ्या पुरात जेवढा काठ कापला जाऊ शकतो तेवढं अंतर सोडायचं. तिसरा बाजूच्या नाल्यांच्या पंख्यांचा. स्वित्झर्लंडमध्ये असे नकाशे तीस, शंभर आणि तीनशे वर्षांच्या घटनांसाठी करतात आणि त्यांना लाल, निळा, पिवळा असे रंग देतात. पाण्याची खोली दोन मीटरहून जास्त, किंवा खोली गुणिले वेग दोनहून जास्त, म्हणजे तीव्रता मोठी. लोंढ्यासाठी एक मीटर जाडी आणि सेकंदाला एक मीटर वेग एवढ्यावरच ती मोठी धरतात. लाल पट्ट्यात नवं बांधकाम नाही. निळ्यात अटींसह. अटी म्हणजे प्रवाहाच्या अंगाला खिडकी-दरवाजा नसलेली सलग काँक्रीटची भिंत, तळघराला मनाई, झोपण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर, पाया खरवडीच्या खोलीखाली. शाळा, रुग्णालय, अग्निशमन केंद्र, वीज उपकेंद्र आणि दूरध्वनी केंद्र निळ्यातही नको. लेहमध्ये ऑगस्ट २०१० च्या पुराच्या रात्री रुग्णालय आणि दूरध्वनी यंत्रणा यांनाच चिखलानं गाठलं होतं, म्हणजे जखमींना न्यायची जागा आणि मदत मागायचं साधन दोन्ही एकदम गेलं.

रस्त्याकडे जास्त थांबतो, कारण खोऱ्यातल्या धोक्याचा बराचसा भाग रस्ताच तयार करतो. एक किलोमीटर रुंदीकरणात दर मीटरला ३० घनमीटर डोंगर कापला तर ३०,००० घनमीटर निघतात. सुटा झाल्यावर त्याचं घनफळ तिसऱ्या हिश्श्यानं तरी वाढतं, म्हणजे सुमारे ४०,०००. दहा घनमीटरच्या ट्रकच्या चार हजार खेपा. डंपिंगची मंजूर जागा आठ-दहा किलोमीटरवर असते आणि कंत्राटदाराला दर ठरलेला असतो, म्हणून मलबा रात्री उतारावरून खाली ढकलला जातो. तो नाल्यात बसतो आणि पुढच्या पावसात लोंढ्याचं सामान होतो. उपाय कंत्राटात आहे. मलबा वाहतुकीचं देयक खोदाईच्या मोजमापावर न देता डंपिंगच्या जागेवर उतरलेल्या वजनावर द्यावं, कापलेलं आणि उतरलेलं यांची दरमहा जुळणी करावी, आणि तफावत असेल तर पुढचं बिल अडवावं. डंपिंगची जागा नदीच्या पट्ट्यात नसावी, तिच्या पायथ्याशी आधी भिंत, खाली निचऱ्याची सोय आणि मगच मलबा. उलट क्रमानं बांधलेली भिंत पहिल्या पावसाळ्यात मलब्यासकट जाते.

मोऱ्यांचं तसंच. अर्धा चौरस किलोमीटरच्या नाल्यावर ९०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीटचा ह्यूम पाइप टाकलेला सर्रास दिसतो. त्याचं छेदक्षेत्र ०.६४ चौरस मीटर. सेकंदाला तीन मीटर वेगानं त्यातून दोन घनमीटरही जात नाहीत, आणि आधीच्या उदाहरणातल्याच तासाला ६० मिलिमीटर तीव्रतेला त्या नाल्यात पाच येतात. एवढ्या लहान नाल्याला पाऊस प्रत्यक्षात आणखी तीव्र धरायला हवा. पण मोठा पाइप टाकला की प्रश्न सुटला असंही नाही. एक ओंडका आडवा बसतो, त्यामागे फांद्या, मग गोटे, आणि दहा मिनिटांत तोंड बंद. अडलेलं पाणी तेव्हा रस्ता ओलांडत नाही. ते रस्त्याच्या उतारानं गटारातून वाहत जातं आणि पुढच्या वळणावर जिथे कधीच नाला नव्हता तिथे डोंगर फोडून खालच्या घरांवर उतरतं. त्या घरांच्या परवानगीच्या कागदांत नाल्याचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं. प्रत्येक मोरीसाठी आराखडा करणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: ही पूर्ण तुंबली तर पाणी कुठे जाईल? उत्तर ‘त्याच नाल्यात परत’ असं हवं. त्यासाठी मोरीच्या ठिकाणी रस्त्याला मुद्दाम खोलगट करून, फरशी घालून, खालच्या बाजूला दगडी अस्तर करावं. लोंढे आणणाऱ्या नाल्यावर पाइप नकोच, रुंद फरशी किंवा एका गाळ्याचा उंच पूल.

पुलांबाबत तीन गोष्टी. पात्रात खांब नको, कारण खांबाला ओंडके अडकतात आणि पुलाचं धरण होतं. खालची मोकळी उंची भरलेल्या तळापासून मोजावी, आजच्या तळापासून नव्हे. गाळ दोन मीटर चढणार असेल तर दोन मीटर आधी वजा करा, मग पुराची खोली, मग वर किमान दीड-दोन मीटर ओंडक्यांसाठी. आणि तळ किती खरवडला जाईल हे काढताना लेसीचं सूत्र डोळे मिटून लावू नये. ते सपाट मुलखातल्या बारीक गाळाच्या कालव्यांवरून आलेलं आहे. धोंड्यांच्या पात्रात वरचा जाड थर एकदा उचकटला की खालचा बारीक माल झपाट्यानं जातो. नदीतून गोटे उपसण्याला आमचा विरोध आहे तो यासाठीच. उपशानं तो चिलखती थर निघतो, खड्ड्याची वरची कड मागे मागे सरकते आणि काही पावसाळ्यांत वरच्या पुलाचा पाया उघडा पडतो.

संरक्षक भिंतींची मागणी लोकांकडून येते आणि ती मान्य करणं सर्वांत सोपं असतं. भिंत हवीच तिथे हवी, पण ती कशी मोडते ते माहीत असावं. वरून पाणी ओसंडून मोडणाऱ्या भिंती कमी. बहुतेक पायथा खरवडून पुढे कलंडतात. गॅबियनच्या, म्हणजे दगड भरलेल्या तारजाळीच्या पेट्यांच्या, तारा गोट्यांच्या माऱ्यानं तुटतात आणि दगड ओघळून जातात. पाया अपेक्षित खरवडीच्या खाली न्यावा, आणि पुढे मोठ्या दगडांचा सैल थर अंथरावा, म्हणजे खड्डा पडेल तसा तो त्यात उतरत जातो. भिंतीमागचं पाणी बाहेर पडायला छिद्रं आणि गाळणीचा थर ठेवावा. एका काठाला भिंत बांधली की प्रवाह समोरच्या काठावर जातो, म्हणून समोरच्या काठाचा अहवाल जोडल्याशिवाय प्रस्ताव घेऊ नये. आणि दोन भिंतींमध्ये नदी कोंडली की गाळ पसरायला जागा उरत नाही, तळच वर येतो. कोसी नदीचा बांध १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमधल्या कुसहाजवळ फुटला तेव्हा बांध जेवढ्या विसर्गासाठी रचला होता त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी पाणी नदीत होतं.

लोंढा अडवायला घळीच्या तोंडाशी गाळकुंड आणि फटींचा बंधारा (पाणी जाऊ देऊन धोंडे अडवणारा) हा खरोखर उपयोगी उपाय आहे. कूगर क्रीकवर २०१३ नंतर गाळ-गोटे अडवणारा बांध बांधला गेला. अशा उपायाची अट एकच: कुंड रिकामं असलं पाहिजे. एका घटनेत भरलेलं कुंड पुढच्या पावसाआधी उपसलं नाही तर दुसरा लोंढा त्यावरून उतरता रस्ता मिळाल्यासारखा खाली जातो. यंत्र वर नेणारा कायमचा रस्ता, उपसलेला माल टाकायची जागा आणि दर वर्षीची तरतूद या तीन गोष्टी कागदावर नसतील तर कुंड बांधूच नये.

पावसाशी संबंध नसलेले पूर वेगळेच. चमोलीत ७ फेब्रुवारी २०२१ ला, ऐन हिवाळ्यात, रोंटी शिखराखालून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटून ऋषिगंगेत उतरलं, दोन जलविद्युत प्रकल्प मोडले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि चुंगथांगचं सुमारे साठ मीटर उंच धरण वाहून गेलं. अशा खोऱ्यांत धरणाची रचना फक्त पावसाच्या पुरावर करता येत नाही. वरच्या हिमसरोवरांची यादी, त्यांच्या हिमोढांची (हिमनदीनं आणून टाकलेल्या, सरोवर अडवणाऱ्या दगडमातीच्या बांधांची) पाहणी, आणि शक्य तिथे पातळी उतरवणं हे प्रकल्प मंजुरीचा भाग असायला हवं. नेपाळमध्ये त्शो रोल्पा सरोवराची पातळी २००० मध्ये तीन मीटरनं, इम्जाची २०१६ मध्ये साडेतीन मीटरच्या आसपास कमी केली गेली, म्हणजे हे होण्यासारखं आहे. धरणाच्या दारांना दुसरा वीजपुरवठा पुराच्या पातळीच्या वर हवा, दारं हातानं उघडण्याची सोय हवी, आणि पाणी सोडण्याआधीचा भोंगा खाली काठावर, लोक जिथे उतरतात तिथे, ऐकू येतो की नाही हे दर महिन्याला तपासलेलं हवं.

दरड कोसळून नदी अडली तर काय करायचं याचा नमुना सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. १८९३ च्या सप्टेंबरात गढवालमध्ये बिरही गंगेवर डोंगर कोसळून गोहना सरोवर तयार झालं. अभियंत्यांनी पाणलोट मोजून ते पुढच्या ऑगस्टमध्ये ओसंडेल हे आधीच काढलं, खालच्या खोऱ्यात तारयंत्राची लाइन टाकली, पूल उतरवले, गावं कुठपर्यंत रिकामी करायची याच्या खुणा उतारावर लावल्या. २५-२६ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला, गढवालमधलं श्रीनगर गाव वाहून गेलं, आणि बळी गेले ते पाच, सांगूनही धोक्याच्या जागी परतलेले. आज उपग्रह आहेत. मग नदीवरचा अडथळा चोवीस तासांत दिसायला, त्याची उंची आणि भरण्याचा वेग मोजायला काय हरकत आहे? प्रत्येक खोऱ्यासाठी हे काम कोणाच्या नावावर आहे, ते आज लिहिलेलं नाही.

इशारा यंत्रणा मागवताना उत्पादकाच्या पुस्तिकेआधी घड्याळ पाहावं. मापक गावापासून नऊ किलोमीटर वर असेल आणि लोंढा सेकंदाला पाच मीटरनं येत असेल, तर हातात तीस मिनिटं. त्यातली पाच-दहा संदेश पडताळून वरिष्ठांची परवानगी मिळवण्यात जातात, पाच भोंगा वाजून लोक जागे होण्यात. उरलेल्या पंधरा मिनिटांत म्हातारं माणूस चढावर किती जाईल, तेवढ्याच अंतरावर उंच जागा हवी. म्हणून भोंगा वाजवण्याचा अधिकार स्थानिक पातळीवर, एका माणसाकडे, रात्रीसुद्धा, विचारल्याशिवाय. मोबाइलवर विसंबू नये, मनोरे त्याच नदीकाठी असतात. पाणी वाढल्याचाच इशारा द्यायचा असं नाही: वर पाऊस चालू असताना नाल्याचं पाणी एकाएकी घटलं तर वर कुठेतरी तो अडला आहे, तेव्हा तर ताबडतोब बाहेर पडायचं. पाणी अचानक गढूळ होणं, ओल्या मातीचा उग्र वास, जमिनीची थरथर, दगड आपटल्याचा घरघराट या खुणाही शाळेपासून हॉटेलच्या स्वागतकक्षापर्यंत लावलेल्या असाव्यात.

आणि पळायचं वर, बाजूच्या चढावर. खोऱ्याच्या रस्त्यानं गाडीतून खाली पळणं हा सर्वांत वाईट मार्ग. कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन घळीत ३१ जुलै १९७६ च्या पुरात १४० हून अधिक माणसं गेली, त्यातली बरीच रस्त्यावर गाड्यांत होती. त्यानंतर तिथल्या घळींमधल्या रस्त्यांवर ‘पूर आला तर चढून जा’ असे फलक लागले. जमण्याची जागा ठरवताना ती दुसऱ्या नाल्याच्या पंख्यावर नाही आणि तिकडे जाताना पूल ओलांडावा लागत नाही, एवढं तरी तपासा.

शेवटी पुरानंतरचे पहिले तीन आठवडे. पोकलेन येतात, नदी ‘मूळ जागी’ ढकलली जाते, धोंडे काठावर रचले जातात आणि सगळा पुरावा पुसला जातो. बचावकार्य आणि रस्ता मोकळा करणं थांबवू नका, पण पात्रात यंत्र उतरवण्याआधी ड्रोननं पूर्ण पट्ट्याचं चित्रण, भिंतींवर आणि झाडांवर राहिलेल्या उच्चतम पाण्याच्या खुणांची पातळी, सर्वांत मोठ्या दहा धोंड्यांची मापं आणि नव्या काठाची रेषा एवढं नोंदवायला दोन माणसांना चार दिवस पुरतात. ही नोंद होईपर्यंत त्या पट्ट्यात पुनर्बांधणीची परवानगी देऊ नये, आणि नवा काठ जुन्या प्लॉटमधून गेला असेल तर तो प्लॉट बदलून दुसरीकडे जागा द्यावी. त्यासाठी लाल पट्ट्याबाहेरची जमीन पूर येण्याआधी राखून ठेवावी लागते. आजच्या आराखड्यात अशी जमीन कुठे दाखवली आहे ते कृपया कळवावं, आणि नसेल तर आराखडा अंतिम करण्याआधी ती दाखवावी.

आपले,
नदी, गाळ आणि डोंगरउतार यांवर काम करणारे अभियंते व भूशास्त्रज्ञ